माहेर सिंदखेडचे, सासर वेरूळचे : एका व्याख्यानाच्या तयारीचा अनुभव

जून २०२३ मध्ये आमच्या भागातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने मला पुढच्या फेब्रुवारीतील व्याख्यानमालेत सलग तीन संध्याकाळी बोलण्याचे निमंत्रण दिले. विषय मीच सुचवला होता : जिजाबाई आणि शहाजीराजे यांचा संसार, त्यांच्या माहेर-सासरमधील वैर आणि त्या वैराला वेढून असलेली निजामशाही, आदिलशाही व मोगल यांची सत्तास्पर्धा. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. एका सहकारी संस्थेत हिशेब तपासण्याचे काम करते आणि वाचन हा माझा जुना नाद आहे. निमंत्रण स्वीकारल्यावर मात्र छाती दडपली, कारण पुण्यातल्या कोणत्याही सभागृहात मूळ कागद स्वतः पाहिलेले चार-दोन श्रोते तरी असतातच. नोकरी आणि घर सांभाळून ज्यांना असे काम अंगावर घ्यायचे आहे, त्यांना थोडा आधार मिळावा म्हणून जसे घडले तसे लिहीत आहे.

हा विषय मला का घ्यावासा वाटला, हेही सांगायला हवे. माझ्या आईचे माहेर आणि सासर एकाच तालुक्यातले, आणि बांधाच्या वादावरून दोन्ही घरे वर्षानुवर्षे कोर्टात उभी होती. तारखेच्या दिवशी घरातले पुरुष एका बाजूला आणि तिचे भाऊ दुसऱ्या बाजूला असत. तिने त्याबद्दल आमच्यापुढे कधी शब्द काढला नाही. जिजाबाईंच्या बाबतीत हेच कितीतरी मोठ्या आणि भयंकर प्रमाणावर घडले, आणि तरीही आपण त्यांच्याकडे केवळ माता म्हणून पाहतो. मुलगी, बहीण आणि पत्नी म्हणून त्यांच्या वाट्याला काय आले हे क्वचितच विचारतो, अशी खंत माझ्या मनात फार दिवसांपासून होती.

सुरुवातीलाच मला एक मोलाचा सल्ला मिळाला. सेवानिवृत्त झालेल्या एका अभ्यासक सरांकडे मी गेले होते आणि उत्साहाने म्हणाले, “सर, मी मोडीचा वर्ग लावते आणि थेट पेशवे दफ्तरात जाते.” ते शांतपणे म्हणाले, “मोडी जरूर शिका, पण पेशवे दफ्तरात तुम्हाला शहाजीराजे फारसे भेटणार नाहीत. ते दफ्तर मुख्यतः अठराव्या शतकाचे. तुमच्या काळाचे बरेचसे कागद शंभर वर्षांपूर्वीच छापून झाले आहेत. आधी छापलेले वाचा.” हा सल्ला मी जशाच्या तसा पुढे देते. राजवाड्यांनी संपादित केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड, भारत इतिहास संशोधक मंडळाने काढलेले शिवचरित्रसाहित्याचे खंड, फारसी कागदांचे मराठी भाषांतरासह छापलेले संग्रह आणि शिवकालीन पत्रांचे सारसंग्रह, एवढे चाळायलाच नोकरदार माणसाला वर्ष पुरत नाही. वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेले हे मंडळ सदाशिव पेठेत आहे आणि या विषयाचा अभ्यास पुण्यात करणाऱ्याची पावले कधी ना कधी तिकडे वळतातच.

मोडीचा वर्ग मी तरीही लावला. जुलैपासून शनिवार-रविवार सकाळी दोन तास, शुल्क अडीच हजार रुपये. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला टांगत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे एखादी ओळ लागते आणि पुढच्या ओळीत सगळे अडते. शिकवणाऱ्या बाई रोज एक पान डोळ्यांनी न वाचता हाताने उतरवून काढायला सांगत, आणि ती सवय फार उपयोगी पडली. तीन-चार महिन्यांत मला पेशवाईतले सुबक वळण बऱ्यापैकी वाचता येऊ लागले. सतराव्या शतकातले वळण मात्र अजूनही मदतीशिवाय लागत नाही. माझ्या तीन व्याख्यानांपैकी फारच थोडा भाग मोडीच्या ज्ञानावर उभा होता. तरीही छापील पुस्तकात संपादकाने शंकाचिन्ह कुठे आणि का घातले असावे, हे त्या ज्ञानाविना समजले नसते.

जुलै-ऑगस्टमधला बराच वेळ कागदपत्रांच्या अर्जांत गेला. एका संदर्भ ग्रंथालयात बाहेरच्या वाचकासाठी शिफारसपत्र, आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे, अभ्यासाचा विषय सांगणारा एक पानी अर्ज आणि परत मिळणारी पाचशे रुपये अनामत लागत होती. शिफारसपत्र व्याख्यानमालेच्या आयोजकांनी दिले. पण त्यावर संस्थेची नोंदणी क्रमांकाची मोहोर नव्हती, म्हणून ते परत आले. नव्या पत्रावर सही करणारे अधिकारी रजेवर होते, आणि त्यात दोन-तीन आठवडे सरले. अर्जात विषय लिहिताना ‘शहाजीराजांचे चरित्र’ असे मोघम लिहू नये. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे, कोणत्या प्रकारचे साहित्य हवे आहे ते लिहिले की पुढची विचारपूस बरीच कमी होते. पुस्तक मागवण्याच्या चिठ्ठीवर नुसते नाव न लिहिता तालिकेतला दाखल क्रमांक लिहावा, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असतात आणि चुकीची आली की तासभर पुन्हा थांबावे लागते. एका वेळी तीनच पुस्तके, टिपणे फक्त पेन्सिलीने, छायाचित्रांना लेखी परवानगी, असे तिथले नियम होते. कोऱ्या कागदांची वही न नेता मी सुटे, क्रमांक घातलेले कागद नेत असे, म्हणजे घरी आल्यावर ते सालांनुसार लावता येत.

याच सालांनी मला सर्वांत जास्त दमवले. एकाच घटनेचा एक कागद शकात, दुसरा शुहूर सनात (दख्खनच्या दरबारांत चालणारी एक कालगणना), तिसरा हिजरीत. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येते, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. पण शुहूर सन कागदावर आकड्यात नसून अरबी संख्याशब्दांत असते. ‘सलासीन अलफ’ म्हणजे १०३०, अर्थात १६२९-३०, हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सोडवले तेव्हा फार आनंद झाला. मी पहिल्या महिन्यातच एक मोठा तक्ता केला : डाव्या बाजूला साल, मग जाधवांकडे काय घडले, मग भोसल्यांकडे काय घडले, मग तिन्ही सत्तांच्या दरबारांत काय चालले होते, आणि अगदी उजवीकडे ती माहिती समकालीन साधनातली की शंभर-दीडशे वर्षांनंतरच्या बखरीतली. पुढे माझे सगळे काम या शेवटच्या रकान्यावर चालले.

तक्ता भरत गेला तसतसा या विवाहावरचा ताण दिसू लागला. सिंदखेडचे लखुजी जाधवराव निजामशाहीतले बडे प्रस्थ. वेरूळचे मालोजी आणि विठोजी भोसले त्यांच्या मानाने नव्याने वर आलेले. रंगपंचमीच्या दिवशी लखुजींनी थट्टेत लेकीचा जोडा जुळवला आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट उत्तरकालीन बखरींतली आहे. पण दोन घराण्यांच्या दर्जातल्या ज्या अंतराबद्दल ती बोलते ते अंतर खरेच होते. त्यानंतर काही वर्षांनी निजामशहाच्या दरबाराबाहेर खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून सुरू झालेली झटापट जाधव विरुद्ध भोसले अशी पेटली. लखुजींचा मुलगा दत्ताजी विठोजींच्या संभाजीच्या हातून मारला गेला, लखुजींनी त्या संभाजीला ठार केले आणि शहाजीराजेही सासऱ्याच्या हातून जखमी झाले. शिवकालीन कवी परमानंद याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग आहे. त्याचे साल मात्र निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे दिलेले असते, म्हणून मी व्याख्यानात साल न सांगता क्रम सांगितला. जिजाबाईंच्या बाजूने पाहिले तर एका दुपारी भाऊ गेला तो दिराच्या हातून, दीर गेला तो वडिलांच्या हातून, आणि पतीच्या अंगावर जखम होती ती वडिलांच्या तलवारीची. हे टिपण करताना मी ग्रंथालयातून उठून बाहेर आले आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

पुढे १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली. मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊबंद लढले, आणि धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. समोरच्या मोगल-आदिलशाही फौजेत लखुजी जाधवराव होते. इथे भावकीचे वैर आणि राज्यांचे वैर वेगळे काढताच येत नाही. त्या काळच्या सरदाराला आपली फौज जगवण्यासाठी मुलूख लागे, मुलूख मिळे दरबारातून, आणि दरबाराची मर्जी फिरली की रातोरात धनी बदलावा लागे. लखुजी निजामशाहीतून मोगलांकडे आणि पुन्हा निजामशाहीकडे आले. शहाजीराजे निजामशाहीतून आदिलशाहीत, परत निजामशाहीत, मग मोगलांकडे पाच हजारी मनसबीवर, पुन्हा निजामशाहीचा एक बाल वारस गादीवर बसवून स्वतःच्या बळावर, आणि अखेर १६३६ च्या माहुलीच्या शरणागतीनंतर कायमचे आदिलशाहीत गेले. फितुरी आणि निष्ठा हे दोनच शब्द घेऊन या माणसांचा न्याय करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझ्या कामातला सर्वांत अवघड टप्पा ऑक्टोबरमध्ये आला. कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणे, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. या विषयाच्या कालगणनेत तिच्याइतके मोलाचे साधन क्वचितच सापडेल. तिच्यातल्या नोंदीनुसार शके १५५१ च्या श्रावण पौर्णिमेला, म्हणजे २५ जुलै १६२९ रोजी, निजामशहाने देवगिरीच्या दरबारात लखुजी जाधवरावांना दोन मुलगे आणि एका नातवासह दगा करून मारले. त्याच शकाच्या फाल्गुन वद्य तृतीयेला, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. दोन्ही नोंदी एकाच शकात आहेत आणि त्यांच्यात अंतर सुमारे सात महिन्यांचे आहे. वडील आणि भाऊ मारले गेल्याची बातमी आली तेव्हा जिजाबाईंना दिवस जाऊन दोन-तीन महिनेच झालेले असणार.

आता या दोन तारखा शेजारी ठेवल्या की एक अतिशय लोकप्रिय प्रसंग मोडून पडतो. शहाजीराजे माहुलीहून निघतात, लखुजी पाठलागावर असतात, दिवस भरत आलेल्या जिजाबाईंना घोडदौड सोसवत नाही, राजे त्यांना मागे ठेवून पुढे जातात, लखुजी लेकीजवळ येऊन माहेरी चल म्हणतात आणि ती मानी मुलगी नकार देते : हा प्रसंग उत्तरकालीन बखरींतून आला आणि व्याख्याने, नाटके व पाठ्यपुस्तके यांतून घराघरांत पोहोचला. महाराजांचा जन्म १६२७ मध्ये झाला असे पूर्वी मानत, तेव्हा तो बसत होता. १६३० ही तारीख स्वीकारली, आणि आता शासनासह बहुतेकांनी ती स्वीकारली आहे, तर बाळंतपण जवळ आले असताना लखुजी हयातच नव्हते. पतीने वाटेत सोडलेली आणि पित्याला परत पाठवणारी जिजाबाई ही प्रतिमा याच प्रसंगावर उभी आहे. ‘त्यांचा संसार बिनसला होता’ या समजुतीची पहिली वीटही तीच.

आयोजकांना मात्र पहिल्या दिवसाचा शेवट नेमका त्याच प्रसंगाने हवा होता. त्यांच्यातले एक वयस्क काका मला म्हणाले, “ताई, अहो लोक त्यासाठीच येतात. तुम्ही तो सांगा, आणि शंका आहे म्हणून पुढे सांगा हवे तर.” मी त्यांना तक्ता दाखवला, दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या आणि पहिल्या दिवसाचा शेवट देवगिरीच्या हत्येवर करण्याची परवानगी मागितली. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि होकार दिला. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, कारण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट सोडणे त्यांनाही सोपे गेले नसणार.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीची सुट्टी जोडून मी आणि माझी धाकटी बहीण एसटीने संभाजीनगर-जालना मार्गे सिंदखेडराजाला गेलो. खर्च दोघींचा मिळून साडेतीन हजारांच्या आत बसला. तिथला राजवाडा आणि विशेषतः लखुजींची भव्य समाधी पाहिल्यावर जाधवांच्या वैभवाची जी कल्पना आली ती पुस्तकांतून आली नव्हती. अभ्यासासाठी जायचे असेल तर १२ जानेवारी टाळावी. जिजाऊंच्या जन्मोत्सवाला लोटलेल्या गर्दीत शिलालेखापुढे उभे राहणेही शक्य होत नाही. परतताना वेरूळला भोसल्यांच्या गढीची जागा पाहिली. दोन ठिकाणे एका प्रवासात पाहिली की या सोयरिकीतला चढ-उतार नकाशापेक्षा अधिक नीट कळतो.

डिसेंबर लिहिण्यात गेला, आणि दुसऱ्या व्याख्यानाने मला पुण्यातच गुंतवून ठेवले. लखुजींच्या हत्येनंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडून पुणे प्रांतात स्वतंत्रपणे हालचाल केली, आणि तिची किंमत या गावाने मोजली. विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणे जाळले. गाढवाचा नांगर फिरवून भर वस्तीत पहार ठोकल्याची आठवण परंपरेने जपली आहे. त्याच सुमारास १६३०-३२ चा भीषण दुष्काळ पडला. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे इथे राहायला आले ते या उजाड मुलखात. लाल महालाची सध्याची वास्तू अलीकडची आहे, हे ठाऊक असूनही मी त्या दिवसांत कसबा पेठेतून अनेकदा चालत गेले. परक्या दरबाराने ओसाड केलेली, पतीच्या नावावरची जहागीर उभी करण्याचे काम या स्त्रीकडे आले, तेव्हा तिच्या पाठीशी माहेर असे उरलेच नव्हते. सिंदखेडचे उरलेले जाधव मोगलांकडे गेले होते.

तिसऱ्या व्याख्यानाचा विषय सर्वांत नाजूक होता. शहाजीराजे १६३८ पासून बेंगळुरूत; तिथे तुकाबाई मोहित्यांचा संसार, व्यंकोजीराजे; इकडे पुण्यात जिजाबाई. मजकूर आधी लेखी द्यावा, असे आयोजकांनी जानेवारीत कळवले, आणि कोणाच्याही भावना दुखावणारे विधान नसल्याचे हमीपत्र सभागृहाच्या आरक्षणाच्या अर्जासोबत मागितले. मला आधी वाईट वाटले. पण ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर झालेला हल्ला या शहरात कोणी विसरलेले नाही, आणि त्याचे निमित्त झालेले पुस्तक शिवचरित्राविषयीच होते. मी हमीपत्र दिले, मजकुरात प्रत्येक विधानासमोर साधन लिहिले आणि दोन प्रती केल्या. सभागृहाची अनामत, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी आणि त्याची पोच या गोष्टी आयोजकांनी केल्या. तुम्ही स्वतः करणार असाल तर किमान तीन आठवडे आधी सुरुवात करावी आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

या तिसऱ्या भागात मला जे सांगायचे होते ते थोडक्यात असे. पती-पत्नींमध्ये शेकडो मैलांचे अंतर होते आणि दोन संसार होते, हे खरे. सवतीच्या माहेरचा काच पुण्याजवळही होता. सुपे परगणा तुकाबाईंचे भाऊ संभाजी मोहिते यांच्याकडे होता आणि तो शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये ताब्यात घेतला. मुलाच्या हालचालींची झळ पतीला बसली, हेही खरे. जिंजीजवळ २५ जुलै १६४८ रोजी मुस्तफाखानाने बाजी घोरपड्यांच्या साहाय्याने शहाजीराजांना कैद केले, आणि त्यांच्या सुटकेसाठी १६४९ मध्ये कोंढाणा परत द्यावा लागला. एका बाजूला पती बेड्यांत, दुसऱ्या बाजूला मुलाने मिळवलेला गड : असा निवाडा ज्या घरात करावा लागला त्या घराच्या मधोमध जिजाबाई होत्या. पण या सगळ्यावरून परित्यक्तेची कथा रचणे कागदांना मान्य नाही. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने बेंगळुरूच्या दरबाराचे वर्णन करताना त्यांची पत्नी म्हणून जिजाईंचेच कौतुक केले आहे. शिवाजी महाराजांच्या संस्कृत मुद्रेत ते स्वतःला ‘शाहसूनु’, शहाजीचा पुत्र, म्हणवतात. जिजाबाईंच्या फारसी शिक्क्यात त्या ‘वालिदा-इ राजा शिवाजी’ आहेत. तिघांचे नाते जाहीरपणे कसे मांडले जावे, हे या मुद्रांवरून उमगते, आणि त्यात कुठेही कोणी कोणाला नाकारलेले नाही.

२३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. त्यांच्यामागे जिजाबाई अग्निप्रवेशाला सिद्ध झाल्या, आणि महाराजांनी मांडीवर बसून, गळ्याला मिठी मारून त्यांना परावृत्त केले, असे बखरकार सभासद लिहितो. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर पंधरा-सतरा वर्षांतली, म्हणून मी ती तिसऱ्या दिवशी सविस्तर वाचली. सभागृहात पुढच्या रांगेतल्या कितीतरी स्त्रिया रडत होत्या, आणि माझाही आवाज स्थिर राहिला नाही.

व्याख्याने फेब्रुवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात झाली. पहिल्या दिवशी प्रसंग वगळल्याबद्दल दोन श्रोत्यांनी थोडे रागाने विचारले. मी दोन्ही तारखा फळ्यावर लिहिल्या, त्यांनी त्या उतरवून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. एका आजींनी विचारले, “म्हाताऱ्यापणी तरी ती दोघे भेटली का हो?” जेजुरीला पिता-पुत्रांची आणि त्या निमित्ताने साऱ्या कुटुंबाची भेट झाल्याची जी कथा सांगतात ती उत्तरकालीन आहे, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, पण त्यांना हे उत्तर आवडले नाही हे मला दिसले. मलाही ते द्यायला आवडले नव्हते. एका तरुणाने तुकाबाईंविषयी विचारले, आणि त्यांची बाजू कोणी मांडत नाही हे त्याचे म्हणणे रास्त होते. त्यांच्या मुलाने तंजावरात वेगळे राज्य उभे केले, आणि त्या घराचा अभ्यास तंजावरच्या बाजूने करायला हवा, असे मी सुचवले.

सगळा खर्च, मोडीच्या वर्गापासून अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या जुन्या पुस्तकांपर्यंत आणि छायाप्रतींपासून प्रवासापर्यंत, दहा हजारांच्या आसपास गेला. त्यातला सर्वांत वाचवता येण्याजोगा भाग छायाप्रतींचा. अनेक जुने खंड आता स्वामित्वहक्काबाहेर असून त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती मोफत मिळतात, आणि हे मला ऑक्टोबरमध्ये एका विद्यार्थिनीने सांगितले. अनामत परत मिळण्यासाठी मूळ पावती आणि पुस्तके जमा केल्याचा दाखला दोन्ही लागतात. मला ती रक्कम एप्रिलअखेर मिळाली. वर्षांचा तक्ता मी टंकलिखित करून वाचनालयाच्या संदर्भ विभागात ठेवला आहे. त्याचा उजवीकडचा रकाना भरताना कोणाला वेगळे साधन सापडले तर नोंद करता यावी, म्हणून त्याच्या शेजारी एक रकाना कोरा सोडला आहे.